पुस्तकातली दया, पडद्यावरची दया : जे. आर. आर. टॉल्किन यांचे जीवन

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरील तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ या सलग वर्षांच्या डिसेंबर महिन्यात पडद्यावर आले. तिघांना मिळून १७ ऑस्कर पुरस्कार मिळाले. त्यांपैकी ११ एकट्या शेवटच्या चित्रपटाचे. एक दुष्ट अंगठी, ती नष्ट करण्यासाठी निघालेला लहानखुरा फ्रोडो, त्याचा इमानी सोबती सॅम आणि अंगठीच्या हव्यासापायी स्वतःचे मूळ रूपही हरवून बसलेला गॉलम, ही पात्रे त्यामुळे जगभर परिचयाची झाली. परंतु ही कथा रचणारा प्राध्यापक भाविक कॅथोलिक होता, पवित्र मिस्सा हे त्याच्या दिनक्रमाचे केंद्र होते आणि त्याचा थोरला मुलगा धर्मगुरू झाला, हे चित्रपट पाहणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात नवल काही नाही. त्या कादंबरीत चर्च नाही, धर्मगुरू नाही आणि प्रार्थनाही जवळजवळ नाही. लेखकाने आपली श्रद्धा कथेच्या पोटात फार खोल ठेवली होती. कॅमेरा तिथवर पोहोचला की नाही, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी लेखकाचे जीवन पाहणे अगत्याचे आहे.

जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथे बँकेत व्यवस्थापक होते. तेथील उन्हाळा बाळाला मानवेना, म्हणून आई मेबल १८९५ साली रोनाल्ड आणि त्याचा धाकटा भाऊ हिलरी यांना घेऊन इंग्लंडला माहेरी आल्या. आर्थर मागाहून येणार होते. ते आलेच नाहीत. फेब्रुवारी १८९६ मध्ये तापाने त्यांचे तिकडेच निधन झाले. तेव्हा रोनाल्ड चार वर्षांचा होता. मेबल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात लहानसे घर भाड्याने घेतले. तेथील पाणचक्की, ओढा आणि झाडे पुढे हॉबिटांच्या ‘शायर’ या प्रदेशात उतरली. मुलांना लॅटिन शिकवले ते आईनेच.

जून १९०० मध्ये मेबल यांनी कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्या काळच्या इंग्लंडमधील मध्यमवर्गीय प्रॉटेस्टंट घरात हे पाऊल म्हणजे कुळाला बट्टा मानला जाई. मेबल यांच्या एका बहिणीनेही त्याच वेळी हा निर्णय घेतला होता. तिच्या पतीने तिला कॅथोलिक चर्चची पायरी पुन्हा चढू दिली नाही आणि मेबल यांना तो करीत असलेली आर्थिक मदत बंद केली. सासरची माणसेही दुरावली. विधवा बाई, दोन मुले, तुटपुंजे उत्पन्न आणि एकामागून एक बदललेली भाड्याची घरे, असे दिवस आले. मेबल मागे फिरल्या नाहीत. त्यांना मधुमेह जडला. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. १४ नोव्हेंबर १९०४ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. टॉल्किन यांनी आईला आयुष्यभर रक्तसाक्षी मानले. मुलांपर्यंत श्रद्धा पोहोचावी म्हणून ती झिजून मेली, अशी त्यांची धारणा होती. आम्हांस वाटते, या एका गोष्टीवाचून त्यांच्या साहित्यातील काहीच नीट उलगडत नाही.

मरण्यापूर्वी मेबल यांनी मुलांचे पालकत्व फादर फ्रान्सिस झेवियर मॉर्गन यांच्या हाती सोपवले होते. फादर मॉर्गन बर्मिंगहॅमच्या ओरेटरीतील धर्मगुरू. ही ओरेटरी कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापिली होती. त्यांना २०१९ साली संतपद बहाल झाले. फादरांच्या घराण्याचा स्पेनमध्ये मद्याचा व्यापार होता आणि त्यातून त्यांना स्वतंत्र उत्पन्न मिळे. मेबल यांच्या मागे उरलेली शिल्लक अवघी आठशे पौंडांच्या घरातली होती. फादर स्वतःच्या पैशांतून त्यात भर घालीत आणि मुलांना कळूही देत नसत. दोघे भाऊ रोज सकाळी ओरेटरीत त्यांच्या मिस्साला वेदीसेवक म्हणून उभे राहत, तेथेच न्याहारी करीत आणि मग शाळेला जात.

पुढे याच प्रेमळ पालकाशी रोनाल्डचा पेच पडला. सोळाव्या वर्षी त्याची ओळख त्याच घरात राहणाऱ्या ईडिथ ब्रॅट या मुलीशी झाली. तीही अनाथ, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी आणि अँग्लिकन पंथाची. अभ्यासाची घसरगुंडी पाहून फादरांनी हुकूम काढला : एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिला भेटायचे नाही, पत्रही पाठवायचे नाही. रोनाल्डने तो पाळला. मन रडत होते, तरी पाळला. ३ जानेवारी १९१३ रोजी एकविसावा वाढदिवस उजाडताच त्याने ईडिथला पत्र लिहिले. उत्तर आले की तिचे लग्न दुसऱ्याशी ठरले आहे. आठवडा उलटण्याआधीच तो आगगाडीने तिच्याकडे गेला, आणि त्या दिवसाच्या अखेरीस तिने ते लग्न मोडण्याचे ठरवले. ईडिथनेही १९१४ मध्ये कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्यापायी ज्या गृहस्थाच्या घरी ती राहत होती, त्याने तिला घर सोडायला सांगितले. २२ मार्च १९१६ रोजी वॉरिक येथील कॅथोलिक चर्चमध्ये दोघे विवाहबद्ध झाले. उपवासकाळ चालू होता. परंतु थांबायला वेळ नव्हता; नवरदेवाला युद्धावर जायचे होते.

लँकेशायर फ्युझिलिअर्स या पलटणीत संदेशवहन अधिकारी म्हणून ते फ्रान्सला गेले आणि सॉम नदीच्या काठी चाललेल्या लढाईत उतरले. १ जुलै १९१६ या त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी एकोणीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक ठार झाले. त्यांत टॉल्किन यांचा शाळेतील जिवलग मित्र रॉब गिल्सन होता. डिसेंबरमध्ये दुसरा मित्र जेफ्री स्मिथ गेला. चौघांच्या त्या मित्रमंडळातले दोघेच उरले. स्वतः टॉल्किन उवांमुळे पसरणाऱ्या खंदकतापाने आजारी पडले आणि नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतले. चित्रपटांतील लढाया पाहून ज्यांचे डोळे दिपले, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्या लिहिणाऱ्याने लढाई चिखलातून पाहिली होती. खंदकांत अधिकाऱ्यांची सेवा करणारे साधे शिपाई आपल्याहून कितीतरी थोर होते, असे ते म्हणत. फ्रोडोचा सोबती सॅम त्या शिपायांवरून घडला.

विद्वत्तेच्या क्षेत्रातील त्यांची वाटचाल सरळ होती. थोडा काळ ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशात काम, १९२० पासून लीड्स विद्यापीठात अध्यापन आणि १९२५ पासून १९५९ साली निवृत्त होईपर्यंत ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकपद, आरंभी प्राचीन इंग्रजीचे आणि नंतर इंग्रजी भाषा व साहित्याचे. जॉन, मायकल, ख्रिस्तोफर आणि प्रिसिला ही त्यांची चार अपत्ये. थोरल्याच्या नावात त्यांनी फादर मॉर्गन यांचे फ्रान्सिस हे नाव गुंफले. सी. एस. लुईस हे त्यांचे सहकारी पुढे ख्रिस्ती विचारवंत म्हणून गाजले. ते नास्तिकतेतून देवापर्यंत येऊन अडखळले होते. सप्टेंबर १९३१ मधील एका रात्री टॉल्किन आणि ह्यूगो डायसन हे दोघे त्यांच्याशी पहाटेपर्यंत बोलत राहिले. मिथककथा खोट्या नसतात, आणि ख्रिस्ताची कथा ही प्रत्यक्षात घडलेली मिथककथा आहे, असा टॉल्किन यांचा युक्तिवाद होता. थोड्याच दिवसांत लुईस यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. मात्र ते अँग्लिकन पंथातच राहिले, याची खंत टॉल्किन यांना अखेरपर्यंत होती.

त्यांचे धार्मिक जीवन एकसारखे उजळ होते, असा समज आम्ही करून देऊ इच्छित नाही. लीड्समध्ये आणि नंतर ऑक्सफर्डमधील आरंभीच्या काही वर्षांत आपण धर्माचरण जवळजवळ सोडले होते, अशी कबुली त्यांनी उतारवयात मुलाला लिहिलेल्या पत्रात दिली आहे. ईडिथच्या मनातही पापनिवेदनाविषयी दीर्घकाळ कटुता होती आणि त्यावरून घरात खटके उडत. तरीही ख्रिस्तशरीराची ओढ त्यांना पुन्हा पुन्हा परत आणीत राहिली. पहाटे सायकलवर मुलांना घेऊन ते मिस्साला जात. दुर्बळ श्रद्धेवर वारंवार ख्रिस्तशरीर स्वीकारणे हाच उपाय आहे, आणि तेही गचाळ, कुरकुरणाऱ्या, गोंगाट करणाऱ्या सामान्य भाविकांच्या गर्दीत बसून, असा सल्ला ते मुलाला देत.

सप्टेंबर १९३७ मध्ये ‘द हॉबिट’ हे त्यांचे बालपुस्तक प्रसिद्ध झाले. प्रकाशक स्टॅनली अन्विन यांनी त्याचे हस्तलिखित आधी आपला दहा वर्षांचा मुलगा रेनर याच्याकडून वाचून घेतले होते. प्रकाशकांना आणखी हॉबिट हवे होते, म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये टॉल्किन यांनी नवे प्रकरण लिहायला घेतले. ते पुरे व्हायला बारा वर्षे लागली. मध्ये दुसरे महायुद्ध होऊन गेले. मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत असताना वडील त्याला एकेक प्रकरण टपालाने धाडीत. अखेर १९५४ आणि १९५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन खंडांत निघाले. तोवर रेनर अन्विन मोठा होऊन वडिलांच्या संस्थेत काम पाहू लागला होता. या पुस्तकात हजार पौंड बुडतील असा त्याचा हिशेब होता. तरी ते काढायचेच, असा कौल त्याने वडिलांकडून मिळवला. हिशेब साफ चुकला, हे सांगायला नकोच.

छपाईपूर्वी हे पुस्तक वाचणाऱ्यांत फादर रॉबर्ट मरे हे येशूसंघीय स्नेही होते. या कथेचा कृपेशी संबंध आहे आणि तीमधील एका राणीच्या प्रतिमेत आपल्याला मरियामाता आठवते, असे त्यांनी कळवले. १९५३ सालच्या उत्तरात टॉल्किन यांनी ते मान्य केले. हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथोलिक आहे. लिहिताना ते नकळत तसे झाले, फेरतपासणीत जाणूनबुजून. म्हणूनच त्यातून पंथ आणि पूजाविधी यांचे उल्लेख आपण काढून टाकले, असे त्यांनी लिहिले. ज्याला शोधायचे आहे त्याच्यासाठी खुणा मात्र आहेत. अंगठी घेऊन मंडळी निघतात ती २५ डिसेंबरला. अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, म्हणजे गाब्रिएल देवदूताने मरियेला शुभसंदेश दिला त्या सणाच्या दिवशी; जुन्या परंपरेनुसार पहिला शुभ शुक्रवारही याच तारखेचा. प्रवाशांना एल्फ लोक ‘लेम्बास’ नावाची भाकर देतात. चवीची भूक ती भागवत नाही. परंतु मनाला बळ देते, आणि दुसरे अन्न सोडून केवळ तिच्यावर विसंबणाऱ्याला अधिकच बळ देते. रोज ख्रिस्तशरीर घेणाऱ्या मनुष्याने ही भाकर कोठून आणली, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु या खुणांपेक्षा मोठी गोष्ट कथेच्या शेवटात आहे. ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचल्यावर फ्रोडो अंगठी आगीत टाकीत नाही. आपण ती टाकणार नाही, असे सांगून तो ती बोटात घालतो. म्हणजे नायक हरतो. त्याची शक्ती संपलेली असते आणि मोह त्याला गिळतो. त्याच क्षणी गॉलम झडप घालून फ्रोडोचे बोट अंगठीसह चावून तोडतो, आनंदाने नाचू लागतो, त्याचा पाय घसरतो आणि तो अंगठीसह आगीत पडतो. या गॉलमला ठार करण्याच्या संधी आधी अनेकदा आल्या होत्या. बिल्बोने त्याला दया येऊन सोडले, फ्रोडोने सोडले आणि अखेरच्या चढणीवर संतापलेल्या सॅमचाही हात उगारून थांबला. त्यांतल्या एकानेही तलवार चालवली असती, तर अंगठी कधीच नष्ट झाली नसती. काही वाचकांनी टॉल्किन यांना विचारले की अशा नायकाचा गौरव कशासाठी. त्यांनी पत्रांतून सविस्तर उत्तरे दिली. माणसाने आपली सर्व शक्ती वेचली, त्यानंतर तो मोडला, तर तो नैतिक अपराध नव्हे. तेथून पुढचे काम त्याने पूर्वी दाखवलेल्या दयेच्या पोटी मिळालेली कृपा करते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत अपराधांची क्षमा आणि मोहापासून रक्षण या दोन मागण्या शेजारीशेजारी का आहेत, याकडेही त्यांनी बोट दाखवले. संपूर्ण कादंबरीचा भार या एका प्रसंगावर तोललेला आहे.

ही कथा पडद्यावर नेण्याचा पहिला प्रस्ताव १९५७ साली अमेरिकेतून आला. सोबत आलेली चित्रे टॉल्किन यांना आवडली. पैशाचा व्यवहारही ते जाणून होते. एकतर चांगली रक्कम मिळावी, नाहीतर लेखकाचा शब्द मानला जावा, असे त्यांचे आणि प्रकाशकांचे सरळ धोरण होते. मात्र १९५८ मध्ये पटकथेचा आराखडा हाती पडताच त्यांचा धीर सुटला. पानापानावर त्यांनी आक्षेप नोंदवले. लढाया वाढवल्या होत्या, गरुडांना वाहनासारखे कोठेही राबवले होते आणि अंगठी वाहून नेणाऱ्यांचा प्रवास, म्हणजे कथेचे हृदय, घाईने उरकला होता. लेम्बासचे तर शास्त्रज्ञांनी बनवलेल्या पौष्टिक वडीसारखे काहीतरी करून टाकले होते. त्यावर त्यांनी ठाम नकार दिला. वरवर पाहता भाकरीचा हा तपशील किरकोळ वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. शाळकरी वयात रोज सकाळी वेदीपाशी उभा राहिलेला तो मुलगाच येथे बोलत होता.

तो चित्रपट बारगळला. पुढे १९६९ साली युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीला एक लाख पौंडांच्या आसपास रकमेला हक्क विकले गेले, आणि त्यानंतर पडद्यावर काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार लेखकाकडे उरला नाही.

उतारवयातील एका कामाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेरुसलेम बायबल’ या इंग्रजी आवृत्तीसाठी त्यांनी योनाच्या पुस्तकाचा अनुवाद केला. नीनवेच्या लोकांना देवाने क्षमा केली म्हणून रुसून बसलेल्या संदेष्ट्याचे हे चिमुकले पुस्तक गॉलमच्या निर्मात्याच्या वाट्याला यावे, याचे आम्हांस कौतुक वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन भाषेतील मिस्सा गेल्याचे त्यांना फार दुःख झाले. चर्चमध्ये सर्व जण इंग्रजीत उत्तरे देत असता आजोबा मोठ्याने लॅटिनमध्ये देत आणि शेजारी उभे राहायला आपल्याला संकोच वाटे, अशी आठवण त्यांच्या नातवाने सांगितली आहे. चर्च मात्र त्यांनी सोडले नाही. २९ नोव्हेंबर १९७१ रोजी ईडिथ गेल्या. २ सप्टेंबर १९७३ रोजी बोर्नमथ येथे टॉल्किन यांनी वयाच्या ८१ व्या वर्षी देह ठेवला. ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागातील चर्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा त्यांचे पुत्र फादर जॉन यांनी अर्पण केली. वुल्व्हरकोट येथील दफनभूमीत पती-पत्नी एकाच कबरीत विसावले आहेत.

त्यांच्या मागे, १९७८ साली राल्फ बक्षी यांनी व्यंगपटाच्या रूपात अर्धी कथा पडद्यावर आणली. उरलेली अर्धी त्यांना करता आली नाही. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी १९९७ च्या सुमारास फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स या लेखिकांसह पटकथा उभी करायला घेतली. मिरामॅक्स कंपनीशी त्यांचा दोन चित्रपटांचा बेत ठरला होता. खर्च पाहून कंपनी म्हणू लागली की एकातच उरका. जॅक्सन यांनी दुसरे दार ठोठावले, तेव्हा न्यू लाइन कंपनीचे रॉबर्ट शे यांनी उलट विचारले की पुस्तके तीन असताना चित्रपट दोन कसे. ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात न्यूझीलंडमध्ये तिन्ही चित्रपटांचे मुख्य चित्रीकरण सलग पार पडले. पुस्तकातील विचारांत स्वतःचे विचार मिसळायचे नाहीत, असे आपण ठरवले होते, असे या मंडळींनी सांगितले आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हजारभर पानांचा ग्रंथ नऊ-दहा तासांत बसवताना प्रत्येक पानावर निवड करावी लागते, आणि निवडीत मन उघडे पडते.

एक निवड तर आम्ही मूळ पुस्तकाच्या तोडीची मानतो. गॉलमला बिल्बोने मारायला हवे होते, असे फ्रोडो चिडून म्हणतो आणि गॅन्डाल्फ त्याला दयेचे मोल समजावतो, हा संवाद पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात, फ्रोडोच्या उबदार घरात घडतो. जॅक्सन यांनी तो मोरियाच्या खाणीतील अंधारात नेला. तेथे गॉलम खरोखरच मागावर असतो, मृत्यू जवळ असतो, आणि म्हणून ते बोलणे अधिक खोल जाते. ज्यांनी हे केले त्यांना कथेचा गाभा कोठे आहे हे उमगले होते.

फारामिरच्या बाबतीत मात्र त्यांचा धीर खचला. पुस्तकात हा तरुण सरदार अंगठी हाती येण्याची संधी असताना तिला स्पर्शही करीत नाही आणि फ्रोडोला जाऊ देतो. चित्रपटात तो फ्रोडोला कैद करून ओसगिलिआथ नगरापर्यंत ओढून नेतो आणि मग कोठे त्याचे मन पालटते. अंगठीचा मोह इतका प्रचंड दाखवल्यावर एखाद्याने ती सहज नाकारली, तर तिचा धाक उरणार नाही, असा पटकथाकारांचा युक्तिवाद होता. नाट्याच्या दृष्टीने तो बिनतोड आहे. तरी आम्हांस राहून राहून वाटते की निखळ चांगुलपणा आजच्या पडद्याला पटेनासा झाला आहे. आधी थोडा मळवल्याखेरीज तो खरा वाटत नाही. भाकरीचेही असेच झाले. लेम्बास चित्रपटात आहे, पौष्टिक वडी झालेली नाही. परंतु तिसऱ्या चित्रपटात गॉलम ती कड्यावरून फेकून देतो, आळ सॅमवर घालतो आणि फ्रोडो सॅमला हाकलून देतो. पुस्तकात असे काही नाही. तेथे ती भाकर दोघांना शेवटपर्यंत बांधून ठेवते.

राहिला तो कडा. सुरुवातीला फ्रोडो स्वतः गॉलमला आगीत ढकलतो, असेही चित्रित झाले होते. ते पाहून करणाऱ्यांनाच ते खुनासारखे वाटले, आणि प्रसंग पुन्हा चित्रित करण्यात आला. पडद्यावर आज जे दिसते ते असे : बोट तुटल्यावर फ्रोडो उठून गॉलमशी अंगठीसाठी झटापट करतो आणि त्या झटापटीत दोघेही कड्यावरून जातात, गॉलम पडतो, फ्रोडो लोंबकळतो आणि सॅम त्याला वर ओढतो. प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे. फ्रोडो हरला हेही चित्रपट लपवीत नाही. मोठ्या खर्चाच्या चित्रपटात नायकाला असे हरू देणे सोपे नव्हे, याचे श्रेय जॅक्सन यांना दिलेच पाहिजे. परंतु पुस्तकात गॉलमला कोणाचाही हात लागत नाही. तो नाचतो आणि घसरतो. ती मोकळी जागा टॉल्किन यांनी मुद्दाम ठेवली होती. तेथे न दिसणारा दुसराच हात काम करतो, असे त्यांच्या पत्रांतून स्पष्ट होते. चित्रपटाने ती जागा झटापटीने भरून टाकली. दया तेथे नाही असे नाही. ती मोरियाच्या अंधारात बोलली गेली आहे. मात्र तिचे फळ कड्यावर पाहायचे, तर प्रेक्षकाला तो संवाद स्वतःच आठवावा लागतो.

ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी वडिलांचे अप्रकाशित लेखन संपादित करण्यात हयात घालवली आणि जानेवारी २०२० मध्ये ते निवर्तले. २०१२ साली एका फ्रेंच दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी या चित्रपटांवर कठोर टीका केली. तरुणांसाठीचे मारधाडीचे चित्रपट झाले, असा तिचा आशय होता. एवढे कठोर होण्यास आमचे मन धजत नाही. चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळलेल्या असंख्य वाचकांना विसरून चालणार नाही.

तथापि एक प्रकरण चित्रपटांत मुळीच आलेले नाही. अंगठी नष्ट झाल्यावर चारही हॉबिट घरी परततात, तो पुस्तकात शायर उद्ध्वस्त झालेला असतो. पाणचक्कीचा कारखाना झालेला, झाडे तोडलेली. हे सारे करणारा मांत्रिक सारुमान पकडला जातो आणि लोक त्याला मारायला धावतात. फ्रोडो त्यांना अडवतो. जाता जाता सारुमान फ्रोडोवरच सुरा चालवतो. आतल्या चिलखतामुळे फ्रोडो वाचतो, तरी पुन्हा सांगतो की याला सोडून द्या. सारुमानला संताप येतो तो याच गोष्टीचा. या दयेने त्याच्या सूडातली गोडी काढून घेतलेली असते. काही पावले पुढे त्याचाच छळलेला सेवक त्याचा गळा चिरतो. डोंगरावर जो फ्रोडो हरला आणि तरी वाचला, तो घरी आल्यावर एकदाही शस्त्र उपसत नाही. सहाव्या विभागातील हे आठवे प्रकरण जॅक्सन यांनी पहिल्यापासूनच बाजूला ठेवले. तो फ्रोडो पुस्तकातच भेटतो.